दहा दिवसांत तारपा नाच शिकवता येतो का?

एका संस्थेच्या ताईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या एका वस्तीत जव्हार-विक्रमगडकडून कामासाठी येऊन राहिलेली वारली कुटुंबं आहेत. त्यांची बारा ते सोळा वयाची तीसेक मुलं आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवसांची कार्यशाळा घ्यायची, मुलांना तारपा नाच, म्हणजे तारपा या भोपळ्याच्या फुंकवाद्यावर धरायचा नाच, शिकवायचा आणि शेवटच्या संध्याकाळी कार्यक्रम करायचा. नृत्यशिक्षक मिळाले आहेत, तारप्याचं संगीत मोबाईलवर आहे, स्पीकरची सोय झाली आहे. आता पावलं कशी बसवायची?

ताई, पहिले तीन दिवस पावलं बसवूच नका. आणि तो मोबाईल खिशात राहू दे. का, ते सविस्तर सांगतो. कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि ती माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

आधी माझ्याबद्दल. मी वारली. माझा आजा तारपकरी, म्हणजे तारपा वाजवणारा, होता. मी आश्रमशाळेत बावीस वर्षं शिकवलं आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं सुट्ट्यांमध्ये पाड्यांवर मुलांची शिबिरं घेतली. मला स्वतःला तारपा वाजवता येत नाही. आज्याचा दम शाबूत होता तेव्हा मी वसतिगृहात होतो आणि मी घरी परतलो तेव्हा त्याचा दम संपला होता. माझ्या वयाच्या पुष्कळ जणांचं असंच झालं आहे, म्हणून तुम्हाला शिकवायला माणूस मिळत नाही.

माझं पहिलं शिबिर विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर झालं. मी शाळामास्तर, त्यामुळे कवायतीची सवय. मुलांना रांगेत उभं केलं, ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणत डावा-उजवा पाय घटवून घेतला. पाचव्या दिवशी ओळ अशी सुरेख चालायला लागली की मीच खूश. सहाव्या दिवशी शेजारच्या पाड्यावरून एक म्हातारे तारपकरी आले. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, मुलं नाचली, छान झालं. मग त्यांनी मध्येच चाळा, म्हणजे सुरावट, बदलला आणि ते दुसऱ्या अंगाला वळले. ओळ तुटली. पुढची चार मुलं सरळ गेली, मधली एकमेकांवर आदळली, मागच्यांना काय झालं तेच कळलं नाही. म्हातारबाबांनी वाजवणं थांबवलं आणि मला म्हणाले, “मास्तर, पोरं ऐकत नाहीत. मोजतात.”

त्या नाचाचं सगळं यंत्र कानावर चालतं. तारपकरी मध्ये असतो आणि तो एका जागी उभा राहत नाही. वाजवत चालतो, वळतो, झुकतो. मुलगे-मुली एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून त्याच्याभोवती साखळी धरतात आणि तो जाईल तिकडे जातात. साखळीने तारप्याकडे पाठ करायची नाही. तारप्याचा सूर बदलला की टोकाच्या नाचणाऱ्याला कळतं, आता दिशा फिरवायची. त्याच्या हातात घोळकाठी असेल तर ती जमिनीवर आपटून तो मागच्यांना ठेका देतो. काठीला बांधलेलं लोखंड खुळखुळतं, ते ओळीच्या शेपटापर्यंत ऐकू जातं. कधी साखळी आवळत आवळत आत जाते, कधी उलगडते, कधी कडेला बसलेल्या माणसांनाच वेढा घालते आणि मग हशा पिकतो. वारली चित्रात तुम्ही जी नागमोडी गुंडाळी बघता ती हीच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती गुंडाळी जगभर पोचली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज ती कपावर आहे, ओढणीवर आहे, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे. चित्रातला तारपकरी कुठेही भेटतो. पाड्यावरचा शोधावा लागतो.

आता स्पीकरचं बघा. स्पीकर कोपऱ्यात ठेवलेला असतो. तो चालत नाही, वळत नाही, ओळ दमली तर सावकाश होत नाही. मुलं मग मोकळ्या जागेभोवती फिरतात, कुणाकडेच न बघता. दिसायला तोच गोल. पण ‘पाठ करायची नाही’ हा नियम पाळायला समोर कुणी असावं लागतं ना! शिवाय ध्वनिमुद्रणात चाळा केव्हा बदलणार हे दोन दिवसांत पाठ होतं. एकदा पाठ झालं की कान बंद होतो. दुसऱ्या वर्षी मी तेही करून बघितलं, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

चाळा हा शब्द मुलांना पहिल्याच दिवशी द्या. तारप्यावरच्या सुरावटीला चाळा म्हणतात. देवांचा चाळा, बायांचा, जोड्यांचा, टाळ्यांचा, मुऱ्हा, रानोडी अशी नावं ऐकू येतील आणि गावागणिक फरकही आढळेल. नावांची यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका. बोलावलेल्या तारपकऱ्याला त्याच्याकडचे चाळे त्याने म्हटलेल्या नावांनीच सांगू द्या. दुसऱ्या पाड्यावरची आजी म्हणेल, “आमच्याकडे हा असा नाही.” म्हणू द्या. मुलांसमोर होणारं ते भांडण कार्यशाळेतला सगळ्यात चांगला तास असतो. आमच्याकडे एकदा दोन म्हाताऱ्या एका वळणावरून तासभर भांडल्या. शेवटी दोघी उठून नाचूनच दाखवायला लागल्या, आणि मुलांनी त्या तासात जे उचललं ते मला आठवडाभरात देता आलं नव्हतं. देवांचा चाळा शिबिरात वाजवायचा की नाही हे तारपकऱ्यावर सोडा. तो नाही म्हणाला तर कारण विचारत बसू नका आणि तो चाळा मोबाईलवर तर अजिबात टिपू नका.

तर पहिले तीन दिवस काय करायचं? चालायचं. खरंच, नुसतं चालायचं. तारपकरी वाजवत अंगणात फिरतो, मुलं हात न धरता त्याच्या मागे फिरतात. सूर बदलला की वळायचं, एवढा एकच नियम. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना फडकी बांधून हेच. (ठेचा लागतात, हळद जवळ ठेवा.) तिसऱ्या दिवशी पाच-पाच जणांच्या लहान साखळ्या आणि प्रत्येक साखळीचं टोक आळीपाळीने प्रत्येकाला. टोकाला उभं राहिल्याशिवाय ऐकण्याची जबाबदारी कळत नाही, आणि शेपटाला उभं राहिल्याशिवाय वळणावर किती पळावं लागतं ते कळत नाही. पावलं या तीन दिवसांत आपोआप यायला लागतात, कारण ती अवघड नाहीतच. तुमच्या मुलांपैकी निम्म्यांनी ती लग्नात, दिवाळीला गावी गेल्यावर बघितलेली असतात. तुमच्या नृत्यशिक्षकांना राग येऊ देऊ नका. त्यांना साखळीत मुलांमध्ये उभं करा. चांगले नृत्यशिक्षक पहिल्या संध्याकाळी हे ओळखतात. एक होते, त्यांनी तिसऱ्या दिवशी ‘हात असे सुंदर वर न्या’ सुरू केलं. त्यांना मी पुन्हा बोलावलं नाही.

जागा मातीची हवी. सारवलेलं खळं मिळालं तर उत्तम, नाहीतर पाणी शिंपडून धोपटलेलं मैदान चालेल. फरशीच्या हॉलमध्ये पाय आपटल्याचा आवाज वर घुमतो आणि तारपा त्यात बुडतो. अनवाणी नाचायचं असतं, तेव्हा फरशीवर गुडघ्यांचंही काही खरं नाही. वेळ सूर्य मावळल्यानंतरची. मे महिन्यात दुपारी तीनला मुलांना नाचवणाऱ्यांना मी दुरून नमस्कार करतो.

आणि मुळात मे महिना. हा मुद्दा तुम्हाला आवडणार नाही.

आमच्याकडे तारप्याला हंगाम आहे. भात निसवतं, पिकायला लागतं, नवं धान्य कणसरीला, देवांना दाखवलं जातं, तिथपासून दिवाळीपर्यंत तारपा घुमतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी. पेरणी-आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत तारपा काढायचा नाही, असं माझा आजा सांगायचा. आता ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, तारप्याशिवाय मिरवणूक निघत नाही. त्या दिवशी जव्हार-डहाणूच्या रस्त्यावर हजारो माणसांसमोर तारपा वाजतो तेव्हा माझाही ऊर भरून येतो. मी त्याला नावं ठेवत नाही. रूढीत बदल करायचा हक्क आमचा आम्हाला आहे. पण काही जुने तारपकरी अजून हंगामाबाहेर तोंडाला तारपा लावत नाहीत. तुम्ही मे महिन्यात बोलावलंत आणि एखाद्याने नकार दिला, तर तो पैशासाठी अडून बसलाय असं समजू नका.

हंगामाचं दुसरं कारण पोटाचं आहे. दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. भिवंडी, वसई, ठाणे, कुठेही. पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे नाच ज्या पंधरा-वीस रात्रींत अंगात भिनतो त्या नेमक्या दसरा ते दिवाळीच्या आणि त्याच वेळी आश्रमशाळेतली मुलं दिवाळीच्या सुट्टीला घरी येतात. खिडकी एवढीच. म्हणून मी माझी नाचाची शिबिरं तिथे नेली. पाड्यावर तेव्हा नाच चालूच असतो, तुम्हाला फक्त मुलांना वेळेवर जेवू घालून तिथे सोडायचं असतं. बोईसरच्या वस्तीतल्या मुलांना त्या आठवड्यात गावी जायला गाडीभाडं देणं, ही माझ्या मते दहा दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा मोठी मदत आहे. तुमच्या देणगीदारांना फोटो कमी मिळतील, हे मान्य.

मग मे महिन्यात काय करायचं? तारपा बनवायचा.

नाचणारे कमी नाहीत, ताई. डीजेवरसुद्धा आमची पोरं साखळी धरतात. कमी आहेत ते वाजवणारे, आणि त्याहून कमी बनवणारे. वाळवंडा, जव्हार तालुक्यातल्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. ते वाजवतात आणि स्वतः तारपा घडवतातही. वयाची नव्वदी गाठलेला माणूस. बातमी आली तेव्हा आमच्याकडे आनंद झालाच, पण मला पहिल्यांदा हेच आठवलं की माझ्या शिबिरांतून गेलेल्या शेकडो मुलांपैकी तारपा घडवता येणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तारपा म्हणजे काय, तर वाळवलेला दुधी भोपळा. आतला गर आणि बिया काढलेला. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात, नळ्यांच्या आत बांबूच्याच बारीक जिभा, वर बोटांसाठी भोकं. खाली ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा. सगळे सांधे रानमधमाशीच्या मेणाने बंद. कुठेही वारा निसटता कामा नये. यात बाजारातून आणायची एकही वस्तू नाही आणि प्रत्येक वस्तूला तिचा महिना आहे. पावसाच्या सुरुवातीला बी लावलं तर दिवाळीच्या आसपास भोपळा जून होतो, मग तो सावलीत महिनोन्‌महिने वाळतो. मुलांना भोपळा हातात द्यायच्या आधी एक गोष्ट सांगा: तो फुटतो. आमच्या एका शिबिरात सातवीतल्या मुलाच्या हातून एका तारपकऱ्याचा वाजता तारपा पडला आणि भोपळ्याला तडा गेला. सगळं अंगण गप्प. मुलगा रडायला लागला. तारपकऱ्याने मेण तापवलं, तडा भरला, वाजवून पाहिला, वारा जातच होता. मग त्याने त्या मुलाला जवळ बसवून नळ्या काढून घ्यायला शिकवलं, कारण नळ्या चांगल्या असतात, भोपळा दुसरा मिळतो. तो मुलगा त्या एका हातावरच्या मोजक्यांपैकी आहे. तारपा फुटला त्याचे पैसे आम्ही दिले, हे वेगळं. तुमच्या अंदाजपत्रकात ‘वाद्याची नुकसानभरपाई’ अशी ओळ ठेवा. कुणी ठेवत नाही.

वाजवण्याची पहिली पायरी मुलं घरीही करू शकतात. तारपा मध्ये थांबत नाही, सूर अखंड राहतो. म्हणजे गालात वारा धरून तो ढकलत असताना नाकाने नवा श्वास घ्यायचा. हे सांगून कळत नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या, लोटाभर पाण्यात बुडवा आणि फुंका. बुडबुडे थांबता कामा नयेत. पहिल्या दिवशी सगळे ठसकतात, नाकातून पाणी येतं, खूप हसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तीसपैकी दोघा-तिघांचे बुडबुडे थांबेनासे होतात. त्यांची नावं लिहून ठेवा. तेच तुमचे तारपकरी. पंख्याखाली, रिकाम्या पोटी हा सराव नको, चक्कर येते.

मुलींचा प्रश्न तुमच्याकडेही येणार. तारपा परंपरेने पुरुष वाजवतात. आमच्या शिबिरात एका मुलीचे बुडबुडे सगळ्यांत जास्त वेळ चालले आणि तिने तारपा मागितला. माझं मत विचाराल तर द्यावा. पण तिथे माझं मत पुरेसं नव्हतं. मी पाड्यावरच्या जाणत्यांना विचारलं. दोघे नाही म्हणाले, एक म्हातारी म्हणाली, “फुंकून तर बघू दे, आकाश थोडंच पडतंय!” मुलीने फुंकला. नंतर तिचं शिक्षण बाहेर झालं आणि सराव सुटला, मुलग्यांचा सुटतो तसाच. बाहेरून आलेल्या संस्थेने यात पुढाकार घेऊन फलक लावू नये, एवढंच सुचवतो. आणि मुली रात्री नाचणार असतील तर त्यांच्या आया किंवा आज्या तिथे हव्यात, घरी पोचवायची व्यवस्था हवी, आणि ताडी पिऊन आलेल्याला, मग तो कुणाचाही काका असो, त्या संध्याकाळी साखळीत घ्यायचं नाही. हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाका.

पैशाबद्दल लोक बोलायला लाजतात. तारपकरी बहुतेक मजुरी करणारा किंवा दोन-तीन एकरांवर भात काढणारा असतो. तुमच्या दहा दिवसांत त्याचे दहा रोज बुडतात. बुडालेला रोज हे मानधन नव्हे, ती भरपाई. मानधन त्याच्या वर. तुमच्या नृत्यशिक्षकांना जेवढं देता त्यापेक्षा त्याला एक रुपयाही कमी देऊ नका आणि रोजच्या रोज हातात द्या. एका ठिकाणी आमच्या तारपकऱ्याला शाल आणि नारळ मिळाला, धनादेश चार महिन्यांनी आला, आणि त्याचं बँकेतलं खातं तोवर बंद पडलं होतं. त्यानंतर तो कुणाकडेच गेला नाही. सोबत घोळकाठीवाला आणि एक जाणती बाई यांनाही बोलवा. तारपकरी वाजवत असताना बोलू शकत नाही, मुलांना ओरडायला कुणीतरी लागतं.

कपड्यांचं. पानांचे घागरे, तोंडावर पांढरे पट्टे, डोक्यात पिसं, हे कृपा करून नको. शाळांच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून हे चालतं आणि आमची मुलं ते बघत खाली मान घालून बसलेली मी पाहिली आहेत. आमच्या बाया गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं नेसतात, पुरुष धोतर किंवा चड्डी-बंडी, आता पँट-शर्ट. मुलं ज्या कपड्यांत येतील त्यात नाचू द्या. एखादीला आजीचं लुगडं नेसावंसं वाटलं तर आजीच नेसवेल.

शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम मी रद्द करा म्हणणार नाही, आईबापांना बघायचं असतंच. फक्त रंगमंच नको. मंचावर प्रेक्षक एका बाजूला बसतात, त्यामुळे साखळी गोल सोडून त्यांच्याकडे तोंड करून सरळ ओळ होते आणि तारपकरी बाजूला कुठेतरी उभा केला जातो, वाजंत्र्यासारखा. अंगणात करा. लोक भोवती बसू देत. साखळी त्यांना वेढा घालेल तेव्हा अर्धे आईबाप उठून तिच्यात शिरतील. वस्तीतल्या बिगरआदिवासी मुलांनी विचारलं तर त्यांनाही हात द्या, साखळीला कुणाचीही कंबर चालते. मात्र त्यांना पुढे स्पर्धेत ‘वारली नृत्य’ म्हणून उतरवायचं असेल तर आधी पाड्याला विचारा आणि तारपकऱ्याला सोबत घेऊन जा.

तर या वर्षी मे महिन्यात दहा दिवस घ्याच, पण पाच दिवस चालणं आणि साखळी, पाच दिवस पपईचा देठ, बांबू आणि मेण, असे वाटून घ्या. भोपळे वाळलेले लागतील, ते तारपकऱ्याला आताच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. पुढच्या वर्षीसाठी वस्तीतच वेल लावा. बी मी देतो. पहिल्या पावसाबरोबर लावा आणि वेल कुंपणावर किंवा जमिनीवर पसरू देऊ नका, मांडवावर चढवा. फळ लोंबतं राहिलं की त्याची मान सरळ वाढते. जमिनीला टेकलं तर वाकडी होते आणि वाकड्या मानेच्या भोपळ्याची फक्त भाजी होते.